निमगावचे गुरुवार

पुण्याहून आलेले वक्ते म्हणाले, "आता प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचा हात हातात घ्यावा," तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. अगदी रिकामी म्हणता येणार नाही, तिच्यावर माझ्या चार वर्षांच्या मुलानं अर्धं चोखून ठेवलेलं बिस्कीट होतं. माझा नवरा हॉलच्या मागच्या दारापाशी मंडपवाल्याशी बोलत उभा होता, कारण माइक मधेच शिट्टी मारत होता. मी एका हातात पर्स धरली, दुसऱ्या हातानं मुलाची चड्डी वर ओढली आणि समोर बघत राहिले.

शिबिर आमच्या बारामतीच्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, ठेवलं होतं. लेकरं वाढवताना ख्रिस्ती विवाह घट्ट कसा ठेवावा, असा विषय. ठेवलं होतं मंडळीनं, पण केलं सगळं माझ्या नवऱ्यानं, कारण तो मंडळीचा सेक्रेटरी. हॉल ठरवणं, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, जेवण सांगणं, फॉर्म छापून घेणं. शिबिराच्या आधीच्या पंधरवड्यात आम्ही दोघं एकमेकांशी जे काही बोललो ते बहुतेक खुर्च्यांबद्दल होतं.

तोंडानं मी त्याला अहो-जाहो करते. मनात चिडले की मात्र 'ते'चा 'तो' होतो, आणि हे बरंचसं चिडूनच लिहिते आहे.

वक्ते आणि त्यांच्या पत्नी, दोघंही साठीच्या पुढचे, बोलायला गोड. त्यांची मुलं मोठी होऊन लांब गेलेली. ते म्हणाले, रोज पंधरा मिनिटं नवरा-बायकोनं दोघांनीच देवापुढं बसावं. फोन नको, लेकरं नकोत. माझ्या मनात आलं, लेकरं त्या पंधरा मिनिटांत कुठं ठेवायची तेवढं सांगा, मी उद्यापासून बसते. मग फॉर्म वाटले. जोडीदाराच्या आवडणाऱ्या पाच गोष्टी लिहायच्या. मी दोन लिहिल्या, 'कष्टाळू' आणि 'खोटं बोलत नाहीत'. तिसरी आठवेपर्यंत मुलानं पेन ओढून घेतलं आणि उरलेल्या कागदावर ट्रॅक्टर काढला.

घरी येताना नवरा खुशीत होता. "छान झालं ना शिबिर?"

"कुणाचं?" मी विचारलं.

त्याला ते ऐकू गेलं नाही. जेवणवाल्याचा फोन आला होता.

आमच्या लग्नाला तेव्हा तेरावं वर्ष चालू होतं. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, त्याचं घर इंदापूर तालुक्यात, बावड्याला. मी पिंपळीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तो इंदापूरच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो. राहायला आम्ही बारामतीत, म्हणजे मला शाळा जवळ आणि त्याला लांब. तो सकाळी साडेसातला मोटारसायकलवर निघतो आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत परत येतो. मुलगी तेव्हा पाचवीत होती, तिची शाळा बारामतीत. धाकट्याला मी माझ्याबरोबर पिंपळीला नेत असे. तो तिथल्या अंगणवाडीत बसे, आणि अंगणवाडी सुटली की माझ्या वर्गात मागच्या बाकावर झोपे.

लग्न ठरताना माझ्या आईला या मुलाचं सगळ्यात काय आवडलं असेल तर त्याचं प्रार्थना करणं. बघायला आला तेव्हा चहाच्या आधी त्यानं दोन वाक्यांची प्रार्थना केली, साधी, कुणाला दाखवायला म्हणून नव्हे. मलाही तेच आवडलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं ज्या गोष्टीवरून मी इतकी जळले, ती हीच गोष्ट.

निमगाव केतकी त्याच्या रोजच्या वाटेवर. इंदापूरहून निघालं की आधी निमगाव, मग बारामती. तिथं आपली तीन-चार ख्रिस्ती घरं आहेत. पाळकसाहेबांकडं सात गावं, त्यांना जमेना, म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, की गुरुवारी कामावरून येताना तिथं घरगुती प्रार्थना घेशील का. तो हो म्हणाला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलगी तेव्हा लहान होती आणि गुरुवार आठवड्यातून एकदाच येतो.

पण गुरुवार वाढत गेला. निमगावात कुणी आजारी पडलं की मंगळवारीही थांबणं आलं. सेक्रेटरी झाल्यावर शनिवारी पंचकमिटी. रविवारी उपासनेच्या आधी दारं उघडायची, पेटी बाहेर काढायची, नंतर सगळं आवरायचं. नाताळाच्या आधी तर महिनाभर तो घरी फक्त कपडे बदलायला येत असे. या सगळ्यात मला बोलायला जागा नव्हती. नवरा दारू पीत असता, पत्ते कुटत असता, तर मी भांडले असते, माहेरी सांगितलं असतं, चार बायका माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या असत्या. पण देवाच्या कामाला गेलेल्या नवऱ्याची तक्रार कुणाकडं करायची? देवाकडंच करावी तर तो पलीकडच्या बाजूचा.

घरातली प्रार्थना आम्ही रोज जेवणाआधी करायचो. करायचो म्हणजे मी करून घ्यायची. मुलगी पवित्र शास्त्रातला उतारा भरभर वाचायची, धाकटा मधेच डोळे उघडून सांगायचा की ताईचे डोळे उघडे आहेत. कुकरची शिट्टी व्हायची. 'आमेन'च्या आत कुणाला तरी शू लागायची. तेव्हाही तो बहुतेक बाहेरच असे.

मग मुलीच्या शाळेचं गॅदरिंग आलं. नाटकात तिला डॉक्टरचं काम होतं. डॉक्टर दोनदा स्टेजवर येतो आणि सहा वाक्यं बोलतो. ती सहा वाक्यं आमच्या घरात इतकी म्हटली गेली की धाकट्यालाही पाठ झाली. गॅदरिंग गुरुवारी होतं. त्यानं आदल्या रविवारीच निमगावला कळवलं, मुलीला हात देऊन सांगितलं, "लवकर निघेन, सहा वाजता मी पहिल्या रांगेत." तो खोटं बोलत नाही, हे मी फॉर्मवर लिहिलं होतंच.

सहा वाजले, सव्वासहा झाले. मी दोन खुर्च्या धरून बसले होते. येणारा जाणारा विचारत होता, "इथं कुणी आहे का?" आणि मी "हो, आहेत" म्हणत होते. मुलगी पहिल्यांदा स्टेजवर आली, तिनं वाक्य म्हणताना पहिल्या रांगेकडं बघितलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा बघितलं नाही.

तो पावणेआठला शाळेच्या गेटवर भेटला, घामेजलेला. निमगावच्या एका आजींना धाप लागली होती, त्यांच्याकडं दुसरं कुणी नव्हतं, त्यांना इंदापूरला दवाखान्यात नेऊन ठेवावं लागलं. हे सगळं खरं होतं. त्यात माझ्यासारखीनं काय बोलावं? मुलीच्या गालावर काढलेली लाली तशीच होती. ती म्हणाली, "बऱ्या आहेत का त्या?"

"आहेत. उद्या सोडतील."

"बरं," ती म्हणाली आणि माझ्या स्कूटीवर माझ्या मागं बसली, त्याच्या मोटारसायकलवर नाही.

घरी आल्यावर मी खिचडी टाकली. जेवणाआधी त्यानंच तिला सांगितलं, "आज तू प्रार्थना कर." तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "प्रभू, निमगावच्या आजींना बरं कर, आणि परत आजारी पाडू नको, म्हणजे पप्पा घरी येतील. आणि पप्पांना आमचंपण काहीतरी दुखतंय असं वाटू दे. आमेन."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. दहा वर्षांची पोर, तिला वाटलं ते तिनं मागितलं. त्यानं डोळे उघडले, ताटाकडं बघितलं आणि जेवायला सुरुवात केली. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "लोणचं आहे का?"

त्या लोणच्यावर माझा जीव असा चिडला की पुढचे तीन रविवार मी उपासनेला गेलेच नाही. पहिल्या रविवारी सांगितलं, डोकं दुखतंय. दुसऱ्या रविवारी सांगितलं, कपडे धुवायचेत. तिसऱ्या रविवारी काहीच सांगितलं नाही. तोही काही म्हणाला नाही. मुलांना घेऊन गेला, आणि मुलं एकाच पायात मोजा घालून परत आली. मी आयुष्यात कधी आजारी नसताना उपासना चुकवली नव्हती. घरात एकटी बसले की गाण्याच्या वेळी माझे ओठ आपोआप हलायचे, आणि मी मुद्दाम ते बंद करायची.

पाळकबाई घरी आल्या. चांगल्या बाई, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, "सोस थोडं. लेकरं मोठी झाली की सगळं मार्गी लागतं. आमचंपण असंच होतं."

"आणि आता?" मी विचारलं.

त्या हसल्या. "आता लेकरं नाहीत ना घरात. आता मी त्यांच्याबरोबर जाते गावोगाव."

म्हणजे मधली वीस वर्षं? ते मी विचारलं नाही. त्या गेल्यावर त्यांच्या कपात उरलेला चहा मोरीत ओतला.

शाळेत आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. बौद्ध घरातल्या, वडिलांनी हट्टानं शिकवलेल्या, बोलायला फटकळ. मधल्या सुट्टीत मी डबा उघडून न खाता बसले होते. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "आमच्या साहेबांनी पंधरा वर्षं विहाराच्या कमिटीत घातली. विहार छान झालाय. लोक हार घालतात त्यांना. आमचा मोठा त्यांच्याशी फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी काय केलं? मी अभिमान बाळगला आणि गप्प बसले. तेवढंच चुकलं." त्यांनी माझा डबा माझ्याकडं सरकवला. "जाऊन बघून तरी ये एकदा, तुझा नवरा तिथं करतो काय. न बघताच किती चिडशील?"

तर मी गेले. गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, शाळा सुटल्यावर मुलीला घेतलं, धाकट्याला काखेत मारलं आणि बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एसटी धरली. नवऱ्याला सांगितलं नाही. बसमध्ये धाकटा खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या मोजत होता आणि मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. निमगावला उतरले तेव्हा बाजाराच्या मैदानात सगळं सामसूम होतं. एका दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "त्या प्रार्थनावाल्या सरांकडं व्हय? ते काय, त्या निळ्या दारात." माझ्या नवऱ्याला निमगावात लहान पोरंही ओळखत होती.

निळं दार उघडंच होतं. आत आजी कॉटवर बसल्या होत्या, त्याच त्या, धाप लागलेल्या. त्यांच्या शेजारी दुसऱ्या कॉटवर त्यांचे मालक, अंगावरून वारं गेलेले, एक बाजू लुळी. आणि माझा नवरा खाली जमिनीवर बसून, त्या म्हाताऱ्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन त्यांची नखं काढत होता. शेजारी कोमट पाण्याचं भांडं होतं. जाड, पिवळी झालेली नखं. तो एकेक बोट पाण्यात भिजवत होता, पुसत होता, हळूच कापत होता आणि विचारत होता, "तात्या, लागतंय का?"

मी दारात उभी राहिले. मला दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे या माणसाशी मी का लग्न केलं ते लख्ख आठवलं. आणि दुसरी म्हणजे इतका राग आला की कानशिलं तापली. चार वर्षांत त्यानं आपल्या मुलाचं एक नख कापलं नव्हतं.

आजींनी आधी बघितलं. "आगं बया! ह्या तुमच्या मालकीणबाई का? या, या. लेकरं बी आली." त्यांनी पदर सावरला. "बाई, तुमचा मालक म्हंजे देवमाणूस हाय. आमच्या पोरानं न्हाय केलं ते ह्यांनी केलं. त्या दिवशी ह्ये नसतं तर मी हितं नसते."

"व्हय का," मी म्हणाले. निमगावात गेल्यावर माझ्या तोंडातही 'व्हय' आलं.

नवरा माझ्याकडं बघत होता. घाबरला होता. त्यानं पाय खाली ठेवला नाही, उरलेली दोन नखं कापली, मग उठला. आम्ही सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. आजींनी मुलांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मुलीनं आजींना विचारलं, "तुम्ही त्या गुरुवारी आजारी पडला होतात ना?" आजी म्हणाल्या, "व्हय गं माझे बाय." मुलगी म्हणाली, "मी डॉक्टर झाले होते." आणि तिनं तिथंच, त्या दोन कॉटांच्या मधे उभं राहून, आपली सहाच्या सहा वाक्यं म्हणून दाखवली. म्हाताऱ्यांनी चांगल्या हातानं कॉट वाजवली. माझा नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडं मी बघितलं नाही. मला भाषण विसरायचं नव्हतं.

येताना चौघं एका मोटारसायकलवर. गाव सोडल्यावर पुढं रस्त्याकडेला एक रसवंती होती. तिथं त्यानं गाडी थांबवली. मुलं रस प्यायला बाकावर बसली आणि आम्ही दोघं गाडीजवळ उभे राहिलो.

"तू सांगून आली असतीस तर..." त्यानं सुरुवात केली.

"तर काय? नखं कापली नसती?"

"तसं नाही."

"मला एक सांगा, तात्यांना विचारलंत, लागतंय का. मला शेवटचं कधी विचारलंत?"

रसाच्या चरकाचं घुंगरू वाजत होतं. मी पुढं बोलत राहिले. गॅदरिंग, रविवार, नाताळ, लोणचं, सगळं काढलं. रसवाला कांडी चरकात घालायची थांबवून ऐकायला लागला तेव्हा मी आवाज खाली आणला, पण थांबले नाही.

शेवटी तो म्हणाला, "मी घरी काय करू?"

"म्हणजे?"

"मी त्याला शर्ट घातला, तू बदललास. मी डबा भरला, तू परत उघडून भरलास. तिची वेणी घातली, तू सोडलीस. त्या दिवशी मी त्याला आंघोळ घातली, तर तू येऊन त्याचे कान परत धुतलेस. निमगावला मी काही केलं तर ते केलेलं राहतं. घरी राहत नाही."

कान मी धुतले होते. साबण राहिला होता कानात, ही गोष्ट वेगळी.

"म्हणून तुम्ही घरी येत नाही?"

"तसं मी ठरवलं नव्हतं," तो म्हणाला. "पण तिकडं थांबलं की बरं वाटतं. हे वाईट आहे, मला कळतं." मग म्हणाला, "माझे वडीलपण असेच जायचे. बावड्याहून सायकलवर, गावोगाव. लोक अजून नाव काढतात."

"आणि तुम्ही? तुम्ही काय करायचात ते गेल्यावर?"

"ओट्यावर बसायचो. सायकल येते का बघत."

"आवडायचं?"

त्यानं बाकाकडं बघितलं. मुलीनं आपला रस संपवून भावाच्या ग्लासात डोकावायला सुरुवात केली होती. तो म्हणाला, "नाही."

घरी पोचल्यावर लगेच काही बदललं, असं झालं नाही. उलट दोन दिवस आम्ही फार जपून, परक्यासारखे वागलो. तो शर्टाची बटणं लावताना माझ्याकडं बघायचा, मी तोंड दाबून भाजी हलवायची. पण शनिवारी तो पंचकमिटीला जाताना म्हणाला, "चल माझ्याबरोबर. मी सेक्रेटरीपद सोडतोय असं सांगणार आहे. ते मला पटवतील आणि मी हो म्हणेन, माझा स्वभाव मला माहीत आहे."

मुलांना खाली घरमालकिणीकडं ठेवून मी गेले. कमिटीत पाच पुरुष आणि पाळकसाहेब. त्यानं सांगितलं. सगळे म्हणाले, असं कसं, तुमच्याशिवाय कोण करणार. तो ढिला पडायला लागला, मला ते त्याच्या खांद्यांवरून दिसलं. कमिटीतले सगळ्यात वयस्कर काका माझ्याकडं वळून समजुतीनं म्हणाले, "बाई, सैतान अशाच वेळी घरात शिरतो. प्रभूच्या कामात तुम्ही आडवं येऊ नये."

मी म्हणाले, "काका, मी आडवी आलेली नाही. आठ वर्षं मी मागं उभी राहिले आणि तुम्ही ते धरूनच चाललात. लग्न लावताना तुम्हीच पुढच्या बाकावर होता. मंडळीपुढं शपथ आम्ही एकमेकांना दिली होती, सेक्रेटरीपदाला नाही. ही दोन मुलंसुद्धा याच मंडळीत समर्पण केलेली आहेत. त्यांना बाप मिळाला तर ते प्रभूचं काम नाही का?"

काका रागावले होते, आणि अजूनही रविवारी ते मला लांबूनच सलाम करतात. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, ईस्टरपर्यंत सांभाळा, तोवर दुसरा माणूस बघू. आणि निमगावचं काय? निमगाव सोडायला माझा नवरा तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर तात्यांचे पाय बघितल्यापासून मीही नव्हते. मी म्हणाले, "एक गुरुवार हे जातील, एक गुरुवार मी जाईन. ज्या गुरुवारी मी जाईन त्या दिवशी हे सरळ घरी येतील."

"बाई प्रार्थना घेणार?" काका म्हणाले.

"मी रोज घेते," मी म्हणाले. "कुकर चालू असताना."

माझा पहिला गुरुवार वाईट गेला. मला निमगावात काही सुचेना. मी फार वेळ वाचत राहिले, आजींना डुलकी लागली, एसटी चुकली. फोन करून सांगितलं तर पलीकडून धाकट्याचा रडण्याचा आवाज, आणि नवरा विचारतोय, हिंग कुठं असतं. घरी पोचले तेव्हा मुलीच्या दोन वेण्या वेगवेगळ्या उंचीवर होत्या, ओटा तेलानं माखलेला, आणि धाकटा उलटा टी-शर्ट घालून भात खात होता. मी ओट्याकडं हात नेला आणि मागं घेतला. सांगते, तो हात मागं घेणं माझ्या आयुष्यातल्या अवघड कामांपैकी एक आहे. टी-शर्ट तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पिंपळीच्या अंगणवाडीत तो तसाच गेला आणि कुणालाही काहीही झालं नाही.

या गोष्टीला आता दीड वर्ष होईल. सेक्रेटरी दुसरा झाला, पण तो पेटीची किल्ली कुठं ठेवायची हेही माझ्या नवऱ्याला फोन करून विचारतो, आणि नवरा जेवता जेवता उठून बोलतो. तेव्हा मी चिडते. तो विसरला की मी अजून सगळी यादी काढते. पंधरा मिनिटं, दोघांनीच, फोन नाही, लेकरं नाहीत, हे आम्हाला एकदाही जमलेलं नाही. सकाळी तो बूट घालत असतो तेव्हा मी दारात उभी राहून एक वाक्य प्रार्थना म्हणते, तो एक म्हणतो, आणि बहुतेक वेळा धाकटा मधेच त्याचं तिसरं घालतो. घट्ट विवाह म्हणतात तो हाच का, मला माहीत नाही. वक्त्यांना विचारलं तर ते बहुधा नाही म्हणतील.

परवाच्या गुरुवारी निमगावहून आले तर घरात भांडण चाललं होतं. मुलगी आणि तिचे पप्पा, अपूर्णांकावरून. तो म्हणत होता छेद सारखा कर, ती म्हणत होती आमच्या बाईंनी असं शिकवलं नाही, दोघांचेही आवाज चढले होते आणि वहीचं पान खोडून खोडून फाटलं होतं. दोघांचंही चुकत होतं. मी चपला काढल्या, हात-पाय धुतले, आणि काहीही न बोलता पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली.